वीस तारखेची जागा

नातीचा चर्चमधला प्रथम ख्रिस्तप्रसादाचा विधी झाला त्या वर्षी, ऑक्टोबरातल्या एका सकाळी, सालोमी फोन कानाला लावून मागच्या दाराने केळींत शिरली. घरातलं नवऱ्याचं कण्हणं मुलाच्या कानी पडू नये म्हणून तिने फोनभोवती दुसऱ्या हाताचा पंजा धरला होता.

"मम्मी, ऐकतेस ना? चौदा नोव्हेंबरची जागा दिसतेय. पॉइंटवरची. दोनच आहेत," जॉयल कॅनडाहून विचारत होता. "घेऊ?"

सालोमीने एका केळीची वाळली पात ओढून काढली.

"आत्ता नको रे. हे बरे आहेत. कालच वाटीभर पेज प्यायले. थंडी पडू दे, मग ये."

"नक्की?"

"मग काय, खोटं सांगते का मी?"

तिने फोन ठेवला. तीन दिवसांत फ्रेडरिकच्या पोटात दोन चमच्यांवर पेज गेली नव्हती. आत जाऊन तिने नवऱ्याची उशी सारखी केली.

"काय म्हणतो?" फ्रेडरिकने विचारलं.

"जागा नाही मिळत म्हणतो. पॉइंटची."

"फुकट्याला जागा कोण देणार? सांग त्याला, टपावर बसून ये."

तो हसला. हसताना पोटात कळ आली तसा गप्प झाला.

पॉइंटांचं प्रकरण जॉयलने तिला व्हिडिओवर दोनदा समजावून दिलं होतं. तीन वर्षं किराणा, पेट्रोल, मुलीची फी, सगळं त्याने एकाच क्रेडिट कार्डावर घेतलं. त्याचे पॉइंट साठले. ते विमान कंपनीकडे वळवले की तिकीट जवळजवळ फुकट. पण एकदा वळवले की परत कार्डावर येत नाहीत, आणि विमानात पॉइंटवाल्यांना जागा दोन-चारच. त्या कधी निघतील ते सांगता येत नाही, आणि निघाल्या की तासाभरात जातात.

"म्हणजे रेशनवर साखर आल्यासारखं," सालोमी म्हणाली होती.

त्याच्याकडे एका फेरीपुरते पॉइंट होते. नुकतंच घर घेतलेलं, पैसे मोजून तिकीट काढायची ऐपत नव्हती. त्याला यायचं होतं ते एकदाच.

सालोमीला भीती होती ती त्या एकदाचीच.

सासू गेली तो दिवस ती विसरली नव्हती. म्हातारी अकरा दिवस नुसत्या पाण्यावर होती. धाकटा मुलगा मस्कतहून आला, बूट न काढताच आत गेला, आईचा हात हातात घेतला. बाहेर येऊन तो पाण्याचा पेला तोंडाला लावतो तोवर म्हातारी गेलेली. जमलेली माणसं म्हणाली, जीव ह्याच्यात अडकला होता, सुटला बिचारीचा.

फ्रेडरिकचा जीव कुणात अडकलाय हे सांगायला दुसरं कुणी नको होतं. चाळीस वर्षं वाडीत केळी केलेला माणूस सहा महिन्यांत खाटेपुरता उरला होता. पोटातली गाठ पाहून डॉक्टरांनी नाताळापर्यंतचं सांगितलं होतं. सालोमीने मनाशी एकच धरलं. जॉयल येत नाही तोवर हे जात नाहीत. म्हणून जॉयल यायला नको.

बुधवारी अर्नाळ्याची दिपिका मासळीची टोपली घेऊन आली. टोपली उतरवता उतरवता तिने दारातून आत डोकावून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"बाय, पोरग्याला बोलाव ना गं. जीव अडकलाय त्यांचा. किती दिवस तडफडत ठेवनार?"

"विमानात जागा नाही मिळत."

"एवढी मोठाली विमानं डोक्यावरून जातात, त्यात एका पोरग्याला जागा नाय?"

"पॉइंटवरची नाही मिळत."

"कसला पॉइंट नि कसला काय! आमच्यात मानूस अडला तर भरल्या होडीत पन जागा करतात."

सालोमीने भाव न करता मांदेली घेतली आणि दिपिकाची पाठ वळायच्या आत दार लावलं.

नाताळ आला. मुलगी एलिसा चंदनसारहून येऊन दारावर चांदणी लावून गेली. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत उलटली, नवं वर्ष लागलं, फ्रेडरिक होता. जानेवारीत पुन्हा एक जागा निघाली.

"आंब्याच्या दिवसांत ये," सालोमी म्हणाली. "इतक्या लांबून येतोस, तर खाऊन तरी जाशील."

"बरं," जॉयल म्हणाला. त्याने वाद घातला नाही. इतक्या सहज कसा ऐकतो, असं तिच्या मनात आलं. पण सुटल्यासारखं वाटत असलं की माणूस फार विचारत नाही. फोन आला की फ्रेडरिक आतून विचारायचा, "मिळाली?" ती म्हणायची, "नाही." बाजारभाव ऐकावा तशी तो मान हलवायचा आणि भिंतीकडे वळायचा.

फेब्रुवारीत दुखणं औषधाला जुमानेना. छातीवर औषधाची पट्टी लावायची, एक-दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. तरी त्याचं कण्हणं हळूहळू कमी झालं. सालोमीला वाटलं, उतार पडतोय.

अकरा तारखेला, मंगळवारी, फादर येऊन त्याला पवित्र तेल लावून गेले. त्यानंतर ती मागच्या दारी धोंड्यावर कपडे धुवायला बसली. फ्रेडरिकच्या उशाचा टॉवेल तिने साबण लावायला पसरला, तर एका कोपऱ्याला भोकं पडलेली. कसर लागली असेल म्हणून तिने त्यांतून बोट घातलं. मग तिने कोपरा डोळ्यांजवळ नेला. दातांच्या खुणा होत्या. दुसरा कोपरा पाहिला. तिथेही होत्या.

तिने साबणाचे हात साडीला पुसले आणि आजवर कधी नाही ते स्वतःहून जॉयलला फोन लावला. तिकडे रात्र होती.

"पॉइंटवरची जागा आहे का रे?"

"थांब, बघतो." थोडा वेळ गेला. "वीस तारखेला तिथे पोचेन अशी आहे. एकच आहे."

"घे."





"मम्मी, हे तू सांगतेयस ना? कुणी सांगायला लावलं म्हणून नाही ना?"

"असं का विचारतोस?"

"पप्पांनी विचारायला सांगितलंय."

"कधी?"

"ऑक्टोबरमध्येच. तू रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेली होतीस, तेव्हा एलिसाने त्यांना फोन दिला. म्हणाले, जागा मिळाली तरी आपल्या मनाने घेऊ नको. मम्मीला विचार. ती ये म्हणेल तेव्हाच ये. तिची तयारी झालेली नाही अजून." तो पुढे म्हणाला, "एलिसा मला सगळं सांगायची, मम्मी. पेज, उलट्या, सगळं. तरी मी तुलाच विचारत राहिलो."

सालोमी फोन खांद्याशी धरून टॉवेल पिळत होती. पाणी संपलं तरी पिळत होती.

"घे जागा," ती म्हणाली. "लगेच घे, नाहीतर जाईल."

ती आत आली. फ्रेडरिक जागा होता, पण आज त्याने काही विचारलं नाही. ती खाटेच्या कडेला बसली.

"मिळाली," ती म्हणाली.

तो तिच्याकडे वळला.

"कितीची?"

"वीस तारखेची."

"खिडकीची आहे का?"

"ते नाही विचारलं."

"विचारायचं ना." त्याने चाचपडत तिचा हात धरला. "किती गार पडलेत हात. जेवलीस का?"

"जेवते मग."

"मग नको. इथे घेऊन ये ताट. माझ्यासमोर जेव."

तिने ताट आणलं. भात आणि कालची आमटी. तो उशीवर मान कलती करून पाहत राहिला. ती थांबली की डोळ्यांनीच 'जेव' म्हणायचा. ताट रिकामं होईपर्यंत त्याने नजर काढली नाही.

जॉयल वीस तारखेला पोचणार होता. फ्रेडरिक गुरुवारी, तेरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीसला, सकाळी साडेनऊच्या सुमारास गेला.