पलीकडची बाजू

फौजदाराने ते जाड पुस्तक उचललं आणि सात मुलांमधून नेमकं शमुनीकडे बोट केलं.

"तू. इकडे ये."

मुलांचे 'मल्फोनो', लाहदो मास्तर, नकळत एक पाऊल पुढे सरकले. तुर्कस्तानातल्या तूर अब्दीनच्या त्या चर्चमध्ये मुलांकडून प्रार्थना पाठ करून घ्यायला कुणाची ना नव्हती. आरामी अक्षरं शिकवायला मात्र सरकारची बंदी होती. गेल्या वर्षी शेजारच्या गावचा मास्तर याच पायी उचलून नेला. परत आला तो पुढचे दात गमावून. आता भाकरी भिजवून खातो. आणि ही शमुनी! नऊ वर्षांची पोर, पण खोट्याचं तिला वावडं. दुसऱ्याच्या मळ्यातली द्राक्षं खाल्ली, तर संध्याकाळी स्वतःच जाऊन सांगून येणार.

फौजदाराने पुस्तक तिच्यासमोर उघडून धरलं.

"तुझे मास्तर म्हणतात, इथे सगळं तोंडपाठ चालतं. देवाच्या घरात उभी आहेस, खरं बोल. वाचता येतं हे?"

मास्तरांनी घाम पुसायला हात उचलला आणि तसाच खाली सोडला. दारातला शिपाई त्यांच्याकडेच बघत होता.

शमुनीने पानावर नजर लावली. तिच्या भुवया आक्रसल्या, ओठ हलले आणि थांबले.

"नाही येत."

"नक्की?"

"खरंच नाही येत हो, काका!" आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं.

फौजदार हसला. "मास्तर, तुम्ही अगदीच कुचकामी निघालात की!" पुस्तक वाचनाच्या लाकडी घोडीवर टाकून तो शिपायासकट बाहेर पडला.

पोर देवासमोर खोटं बोलली, तेही आपल्यापायी. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"देव माफ करेल हो, बाळ."

"कशाबद्दल?" शमुनी फणकारली. "उलटं धरलं होतं त्यांनी, मल्फोनो!"

गावात पुस्तक एकच. मुलं घोडीभोवती कोंडाळं करून वाचत, आणि धाकटी म्हणून हिला तीन वर्षं कायम पलीकडची बाजू मिळालेली. हे मास्तरांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

शमुनी तरातरा आपल्या जागेवर गेली, बाहीला नाक पुसलं, ओळीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचू लागली.

बाहेर फौजदाराची जीप अजून सुरू झाली नव्हती. मास्तरांनी झडप घालून तिचं तोंड दाबलं. तळव्याखाली तिचे ओठ हलतच राहिले.