सरळ वायर

"वायर लई लांब दिसती," खुर्चीत बसता बसता सांडू म्हणाला. "मधी लॅग-बिग मारून ठोसा उशिरा नाय ना पडणार?"

शंतनू हसला. गळ्यात आयोजकाचं ओळखपत्र, हातात माईक. "अरे, इथं नेटच नाही, ही वायर रिमोटपासून गेमच्या डब्यापर्यंत. मध्ये पुणं नाही, दुबई नाही, तुझा तो चितेगावचा टॉवर नाही. बटण दाबलं की ठोसा. आपल्या शहागंजातल्या दुकानासारखं."

"मंग बघच तू आज," सांडू म्हणाला, आणि त्यानं मागे वळून बायकोकडे पाहिलं.

मंजुषा तिसऱ्या रांगेत गुबगुबीत खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती. एसीचा गारवा तिला सोसत नव्हता. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन ती बसली होती. बाहेर जालना रोडवर मे महिना पेटला होता, दुष्काळाचं दुसरं साल होतं, आणि इथं मॉलच्या हॉलात माणसांना थंडी वाजत होती.

आठ खेळाडू होते. चार नेटवरच्या सामन्यांतून आलेले, चार कॉलेजांतून. एकदा हरला तो बाहेर. शेवटी उरेल त्याला पुण्याच्या टीममध्ये वर्षभराची जागा, राहायला खोली आणि पगार. काम एकच, खेळायचं. नेटवरच्या यादीत सांडूचं नाव पहिलं होतं. पाण्याचा टँकर चालवणाऱ्या, तेहतीस वर्षांच्या माणसाचं.

दोन हजार तीन साली तो पिशोरहून शहरात आला, तेव्हा शहागंजातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा. शिकवणी बुडवून येणारा शंतनू त्याला तिथंच भेटला. मारामारीच्या गेमला दोघं शेजारी बसायचे, कोपराला कोपर लागायचं. जात्यावरच्या दोघी बाया जशा, एकीची ओळ पुरी होण्याआधीच दुसरीला कळतं की आता सूर कुठं वळणार, तसं सांडूला शंतनूच्या नुसत्या श्वासावरून कळायचं, आता हा लाथ मारणार. दुकानाचा नियम एकच होता: हरला तो उठला. जिंकणारा बसून राहायचा. सांडू दिवसदिवस उठायचा नाही.

पुढे दुकान बंद पडलं. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात. शंतनू नोकरीला पुण्याला गेला. सांडूच्या हाती काकासाहेबांच्या टँकरचं चाक आलं. शहर पैठण रोडनं वाढत गेलं, नव्या कॉलन्यांना गच्च्या आल्या, गच्च्यांवर टाक्या आल्या, फक्त पाणी आलं नाही. सांडू खेपा घालत राहिला. पाच वर्षांपूर्वी त्यानं गेमचा जुना डबा विकत घेतला आणि दोन खेपांच्या मधल्या दुपारी, मोबाईलच्या नेटवर, तो पुन्हा खेळू लागला.

पण नेटवरचा खेळ म्हणजे दरीपल्याडची हाक. माणसाचे ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. बटण आत्ता दाबावं, ठोसा जरा थांबून पडावा. सांडूनं हळूहळू त्या थांबण्याशी जमवून घेतलं. समोरचा काय करील ते हेरून तो आधीच बटण दाबायचा. तरी हरला की म्हणायचा, "लाइन गळकी हाय माझी. नायतर सोडला असता व्हय त्याला?"

शंतनू फोनवर त्याला चिडवायचा. "पत्रानं कुठं कुस्ती होते का रे? हा खेळ शेजारी बसून खेळायचा."

"माझ्या शेजारी कोण येतंय बसायला?" सांडू म्हणायचा. "पत्र तर पत्र."

आज सकाळी त्यानं टँकरची चावी काकासाहेबांपुढे ठेवली होती. "उद्यापासून दुसरा डायवर बघा."

"आरं, जिंकून तर ये आधी."

"गळक्या लाइनीवर पयला आलोय, काकासाहेब. सरळ वायरीवर कोण हारवतंय मला?"

त्या वाक्यात खोट कुठं होती, ते काकासाहेबांनाही कळलं नाही.

पहिल्या सामन्याला समोर मृण्मयी नावाची मुलगी आली. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, जाड भिंगांचा चष्मा. "नमस्कार काका," म्हणाली आणि रिमोट मांडीवर घेऊन बसली. तीन डावांतले दोन जिंकायचे होते.

सांडूनं पहिलं बटण दाबलं आणि तो स्वतःच दचकला. ठोसा तिथल्या तिथं पडला होता. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. तो आडवा हात धरायचा तेव्हा मुलीचा ठोसा निघालेलाही नसायचा. तो हात काढायचा आणि मग ठोसा यायचा. त्याची हुकमी चाल म्हणजे पळत जाऊन खांद्याची धडक. नेटवर ती कुणाला अडवता आली नव्हती. इथं मृण्मयी नुसती खाली बसली, धडक डोक्यावरून गेली, आणि तिनं उठून त्याला लोळवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच, आणि पहिला डाव गेला.

तेव्हा सांडूला उमगलं. नेटवरच्यांना ही धडक अडवता येत नव्हती असं नव्हतं. ती त्यांना वेळेवर दिसतच नव्हती. ज्या गळक्या लाइनीला त्यानं पाच वर्षं शिव्या दिल्या, ती त्याच्या बाजूनं लढत होती.

"सांडूभाई, इतनी जल्दी काहे की?" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल हसला.

"हळू," तो स्वतःला म्हणाला. तळवे पँटला पुसले. दुसऱ्या डावात त्यानं हात आवरून धरले, तर ते भलतेच मागे राहिले. पाच वर्षं शिकवलेले हात दीड मिनिटात कसे विसरतील? पडद्यावरचा त्याचा जाडजूड पैलवान एकदा उताणा पडला तो उठलाच नाही.

टाळ्या झाल्या. सांडू पडद्याकडे पाहत बसून राहिला.

"सांडू," शंतनू माईक बाजूला धरून हळूच म्हणाला, "उठ ना रे. पुढचे थांबलेत."

नेटवर हरलं तर कुणी उठ म्हणत नाही. तो उठला.

मृण्मयीलाच अवघडल्यासारखं झालं. "काका, तुम्ही चांगलं खेळता. फक्त आधीच मारता. मी विशेष काही करत नव्हते, नुसती थांबत होते."

"नेटवर खेळतीस का तू?"

"छे. होस्टेलला कुठलं नेट? आम्ही चौघी एकाच खोलीत खेळतो."

शंतनू जिन्यापर्यंत आला. सांडूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी तुला सांगत होतो, पत्रानं कुस्ती…"

"सांगत व्हतास," सांडू म्हणाला. "पुण्याहून सांगत व्हतास. येऊन बसला नाहीस कधी."

शंतनूचा हात आपोआप खाली आला.

रिक्षात मंजुषानं डब्यातली भाकरी पुढे केली, त्यानं मान हलवली. टँकर भरायच्या विहिरीपाशी काकासाहेब बाजेवर बसले होते.

"आला का पैलवान! काय झालं?"

सांडूच्या आधी मंजुषाच बोलली. "तिथली लाइन खराब व्हती."

सांडू जमिनीकडे पाहत राहिला.

"एवढ्या मोठ्या मॉलात?" काकासाहेब खो खो हसले, मग त्याच्या तोंडाकडे बघून थांबले. "चावी तर फकिराला दिली बाबा मी. दोन महिने झाले मागं लागला व्हता."

"नऊ वर्षं चालवली मी गाडी, काकासाहेब."

"अन् सकाळी एका मिनिटात टाकून गेलास. मी धाडलं व्हतं का तुला?" त्यांनी टँकरकडे बोट केलं. "पाइप धरायला माणूस लागतोच. बस बाजूला."

मंजुषा काही म्हणणार होती. सांडूनं तिच्या हातातला डबा घेतला आणि तो डाव्या बाजूनं टँकरात चढला. त्या बाजूचं दार जोरात ओढावं लागतं हे त्याला माहीत नव्हतं.

"या मामा, बसा," फकिरा म्हणाला. विशीतला पोर. त्यानं आपली पाण्याची बाटली सीटवरून उचलली आणि जागा केली.

टँकर खडीवरून पैठण रोडला लागला. फकिरा चांगला चालवत होता, जपून. कंपनीच्या गेटपुढचा गतिरोधक अजून बराच लांब असताना सांडूचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर कचकन दाबला गेला. तिथं ब्रेक नव्हता. फकिरानं त्याच्या वेळेला ब्रेक लावला, मागे टाकीत पाणी एकदा डुचमळलं, आणि गाडी अलगद पलीकडे गेली.

पुढच्या गतिरोधकाला पुन्हा तसंच झालं. फकिरानं खाली पाहिलं, आणि नजर रस्त्यावर नेली.

सांडूनं पाय मागे घेतला, सीटखाली दुमडला आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून बसला.