डाव्या घोट्यावरचा थेंब

म्हाताऱ्याने उजवा मोजा काढला आणि डावा तसाच ठेवला. तपासणीच्या टेबलावर अंथरलेला कागद त्याच्या बुडाखाली कुरकुरत होता. खिडकी न उघडणारी, आणि दाराला खुर्ची टेकवून, वाट अडवून बायको बसलेली. पळायचं म्हटलं तरी आधी तिला उठवावं लागलं असतं, आणि ते त्याला बेचाळीस वर्षांत जमलं नव्हतं.

उभा जन्म त्याने छतांवर डांबर ओतलं होतं. ऊन असं, की कावळा छतावर टेकला तर तळवे भाजून थेट पाण्याच्या टाकीवर जायचा आणि संध्याकाळपर्यंत पाय बुडवून बसायचा. अंगावरच्या प्रत्येक डागाची त्याच्याकडे गोष्ट होती आणि प्रत्येक गोष्टीची सुरुवात एकच, ‘खरं सांगतो.’ हे दोन शब्द आले की घरातली माणसं हसायच्या तयारीला लागत.

आज तो आला होता नाकासाठी. नाकपुडीशेजारी मोत्यासारखी चकाकणारी पुटकुळी होती. मधूनच रक्त येई, मग खपली धरे. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं. असली गाठ सावकाश वाढते, सहसा जागा सोडत नाही, पण काढावीच लागते, म्हणाल्या. कानाच्या कडेवरची खरखरीत, जाड खपली मात्र जरा तिखट स्वभावाची. दुर्लक्ष केलं तर मानेतल्या गाठींपर्यंत हातपाय पसरते. दोन्ही कॅन्सरच असावेत, पण तुकडा तपासल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही.

नाक गेलं तर घोरणं तरी जाईल, असं म्हातारा म्हणाला. बायकोने पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरला.

मग अंगभर फिरत फिरत भिंग उजव्या घोट्यापाशी थांबलं. तिथे काळा डाग होता, एका बाजूने निळसर, कडा कुरतडल्यासारख्या.

“हा कधीपासून, आजोबा?”

तो तोंड उघडतो तोच बायकोने गोष्ट सुरू केली. तिला ती पाठ होती. बत्तीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या छतावर उकळत्या डांबराचा एक थेंब घोट्यावर पडला. इतका गरम, की खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कपातला गार चहा उकळला.

डॉक्टरीणबाई हसल्या. काळ्या डागाला आधी एवढंच विचारायचं असतं, म्हणाल्या, की तो बदलला का? बदलणारा असेल तर तिघांत सगळ्यात वाईट तोच. खोल उतरतो आणि अंगभर पळतो. बत्तीस वर्षं जसाच्या तसा असेल तर घाई नाही. आज नाक आणि कान बघू. त्यांनी कागदावर एक ओळ लिहिली.

बायको उठली. खुर्ची सरकली, दार मोकळं झालं. मोजा चढवला की या डागापुरती सुटका होती.

म्हाताऱ्याने मोजा चढवला नाही.

“खरं सांगतो, हा नवा आहे.”

“झालं सुरू,” बायको हसली. “अहो, निदान इथे तरी नको.”

“खरं सांगतो...” तो पुन्हा म्हणाला आणि थांबला. ओल्या डांबरात पाय रुतावा तसा तो स्वतःच्याच दोन शब्दांत रुतला होता. वर्षभर तो घरातही मोजे घालून हिंडत होता आणि बायको त्याला ‘साहेब’ म्हणून चिडवत होती. आता मात्र बुडाखालचा कागदही कुरकुरायचा थांबला.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग ती टेबलापाशी आली, वाकली आणि तिने स्वतःच त्याचा डावा मोजा ओढून काढला. डाव्या घोट्यावर मसुराच्या दाण्याएवढा जुना, फिकट, गुळगुळीत व्रण होता. डांबराचा थेंब पडला होता तो तिथे.

तिने दोन्ही पाय शेजारी शेजारी धरले.

“मग हा कधीचा?”

“गेल्या उन्हाळ्यातला. तेव्हा तिळाएवढा होता.”

डॉक्टरीणबाईंनी लिहिलेली ओळ खोडली आणि पेनाने काळ्या डागाभोवती गोल काढला. आधी हा, म्हणाल्या, आणि आजच. सामान आणायला त्या बाहेर गेल्या.

बायको खुर्चीकडे परत गेली नाही. डावा मोजा तिच्याच हातात होता. तिने त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“आणि तो चहा?” तिने विचारलं. “खरंच उकळला होता?”

म्हाताऱ्याने आपल्या दोन्ही पायांकडे पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला. “कोमट झाला होता.”