वर बांधलेली दांडी

महेश्वर मालकाची गाडी गॅरेजच्या दारात यायच्या आधी तिचा वास येतो. सीटखाली वाळलेली ओकारी, दारांवर गुटख्याचे ओघळ. सोलापूर-मैंदर्गी वडाप करणाऱ्या, सीटमागं भाडं घेऊन माणसं कोंबणाऱ्या गाडीला अत्तराचा वास येणार नाही, हे मलाही कळतं. पण त्या सकाळी मालक स्वतः माझ्या ऑइल काढायच्या घमेल्यात थुंकला आणि माझं डोकं तिथंच फिरलं.

दोन दिवसांपूर्वी ही गाडी अक्कलकोट रोडनं रिकामी येत होती. कुंभारीजवळ कुत्रं आडवं आलं, ड्रायव्हर गुरुशांतनं ब्रेक दाबला, मागची चाकं जाम झाली आणि गाडी गर्रकन फिरून शिवबाईच्या चहाच्या टपरीत घुसली. बाईचा पाय मोडला. गुरुशांतचं म्हणणं, ब्रेकनं घात केला. मालकाचं म्हणणं, हा झोपला होता. झोपलेला माणूस ब्रेक कसा दाबतो, हे मालकानं सांगितलं नाही. ब्रेक ठीक आहेत असं माझ्या तोंडून निघालं की गुरुशांतची नोकरी गेली आणि बाईच्या पायाचं सगळं त्याच्या एकट्याच्या माथी. मालकाला तेवढ्याचसाठी मी हवा होतो. आणि ब्रेकचं काही निघालंच, तर ते टर्बोवर ढकलायचं, असंही तो मला हळूच सांगून गेला.

इंजिनात हवा कोंबणाऱ्या त्या टर्बोवर काहीही ढकलायची फॅशनच आलीय. टर्बोच्या हवेनं बिघडलंच काही, तर पायाखालचा ब्रेक दगडासारखा कडक होईल आणि त्रास चारी चाकांना होईल. फक्त मागची दोनच चाकं निवडून धरायला टर्बोचं त्यांच्याशी वैर थोडंच आहे?

गाडी रिकाम्या रस्त्यावर नेली आणि ब्रेक दाबला. मागची चाकं जागीच थिजली, ढुंगण डावीकडं सरकलं, डांबरावर दोन काळे पट्टे उमटले. म्हणजे गुरुशांत खोटं बोलत नव्हता. परत आणून मागून जॅक लावला. चाकं हातानं मोकळी फिरत होती, म्हणजे हँडब्रेकची केबल अडकलेली नाही. ड्रम उघडले. आतले लायनर कोरडे, कुठं तेलाचा थेंब नाही. मग शेजारच्या गोदामातले हमाल गाडीत कोंबले आणि पुन्हा त्याच रस्त्यावर ब्रेक दाबला. गाडी शहाण्यासारखी सरळ उभी राहिली. हमालांना अजून एक चक्कर हवी होती.

रिकामी असली की जाम, भरली की ठीक. आता कुठं बघायचं ते कळलं. या गाडीत मागच्या ॲक्सलच्या वर एक व्हॉल्व्ह असतो, त्याला एक दांडी. माणसं बसली की मागचा भाग खाली दबतो, दांडी वर जाते आणि मागच्या ब्रेकला जोर मिळतो. गाडी रिकामी झाली की दांडी खाली येते, जोर कमी होतो. मी खाली शिरलो. दांडी तारेनं चेसीला वर करकचून बांधलेली होती. शेजारी स्प्रिंगच्या पाट्यात एक जादा पोलादी पान घातलेलं. सगळा डाव उघडा पडला. जास्त माणसं कोंबायची म्हणून पान घातलं. पानामुळं गाडी दबेना, म्हणून भरल्या गाडीला ब्रेक पुरेना. मग ही तार. म्हणजे गाडी कायम भरलेलीच आहे असं बिचाऱ्या व्हॉल्व्हला वाटत राहणार.

तार तोडून मी मालकापुढं टाकली आणि कुणी बांधली ते विचारलं. मालक गुरुशांतकडं बघायला लागला आणि गुरुशांत जमिनीकडं.

"मीच बांधली चाचा," तो म्हणाला. "मालकांनी सांगितलं म्हनून."

मालकाला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. त्यानं गुटख्याची नवी पुडी फोडली. गुरुशांतला कामावर ठेवतो म्हणाला, पण बाईच्या पायाचं गुरुशांतनं स्वतःच्या अंगावर घ्यायचं आणि तार होती तशी बांधायची. जादा पान काढा, बसतील तेवढीच माणसं घ्या, मग तार लागतच नाही, असं मी सांगून पाहिलं. त्यावर मालक नुसता हसला आणि रिक्षा करून निघून गेला. मला किळस आली. त्याच्या तोंडातल्या लाल लगद्याचीही एवढी कधी आली नव्हती.

गुरुशांतला म्हटलं, आता सुटलास, जाऊन सगळं खरं सांग, मी साक्षीला येतो. दोन लेकरांचा बाप माणूस, पण नजर वर करेना. तार उचलून तो माझ्यापुढं उभा राहिला.

"बांधून द्या की चाचा. भरल्यावर थांबत न्हाय वो गाडी."

"माज्या जागेत ही तार बांधायची न्हाय," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, अगदी अदबीनं. गाडी ढकलत दाराबाहेर रस्त्यावर नेली आणि तिथंच गटाराच्या कडेला पाठीवर आडवा होऊन खाली शिरला. दांडी त्याला शोधावी लागली नाही. थोड्या वेळानं खालून आवाज आला, पक्कड मिळेल का म्हणून.

मी दिली नाही. वाकून पाहिलं, तर त्यानं ती ग्रीसनं आणि रस्त्याच्या घाणीनं माखलेली तार दातात धरली होती आणि मान वळवून पीळ देत होता. मग तो बाहेर आला, बाहीनं तोंड पुसलं, मला नमस्कार केला आणि मैंदर्गीची माणसं भरायला स्टँडकडं गेला.