सातवी काच

सलीम शिडीवर चढून हॉलच्या भिंतीला चुना लावत होता, तेव्हा शेजारचा गुरुलिंग चपला न काढताच आत आला. लातूरच्या दवाखान्यातून फोन आला होता. सलीमची बायको शकिला गेली. सलीमनं मान हलवली, पण उतरला नाही. बादलीतला चुना संपेपर्यंत कुंचा फिरवत राहिला. मग गुरुलिंगनं हात धरून त्याला खाली आणलं.

औशातली ही इमारत निजामाच्या काळात एका जहागीरदारानं इटलीतून नकाशा आणून बांधली होती. गोल कमानी, मधे चौक, हॉलच्या छताखाली चुन्यात घडवलेली पंखवाली पोरं. आता ते गावाचं सांस्कृतिक केंद्र होतं. भूकंपात भिंतींना तडे गेले, तेव्हा सात तड्यांवर काचेच्या पट्ट्या बसवल्या होत्या. भिंत सरकली तर काच तुटणार. केंद्राची देखरेख शकिलाकडे होती. पाच वर्षं दर शुक्रवारी ती पट्ट्या बघायची आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहायची.

शकिलाचा चाळिसावा झाल्यावर पहिल्याच शुक्रवारी इंजिनिअर साहेब काचा तपासायला आले. साती काचा शाबूत असतील तर भूकंपापासून कार्यक्रमांना बंद असलेला हॉल संध्याकाळीच उघडणार होता. नाहीतर इमारत पाडून तिथं कोचिंग क्लास होणार होता. चौकात हलगी तापत होती. भीमगीतांच्या बाया नव्या साड्या नेसून आल्या होत्या, कव्वालीवाल्यांनी पेटी काढली होती.

सहा काचा खोल्यांत शाबूत मिळाल्या. सातवी हॉलमधली. ती सलीमच्या चुन्याखाली गेली होती, आणि कुठं, ते त्याला सांगता येईना. साहेबांनी घड्याळ बघितलं. सोलापूरची गाडी अर्ध्या तासावर होती. बाया, पोरी, पेटीवाला, सगळे ओली फडकी घेऊन भिंतीला भिडले.

"सलीमभाई, बायको स्टूल कुठं लावायची, ते कधी बघितलंच न्हाई का?" केवळाबाई म्हणाली.

"न्हाई बघितलं."

केवळाबाईनं फडकं टाकलं. ती गाणाऱ्या बायांची म्होरकी. शुक्रवारच्या तालमीत जशा उभ्या राहायच्या तशा तिनं सगळ्यांना उभं केलं आणि गाणं धरलं. दुसऱ्या कडव्याला तिचा उजवा हात आपोआप वर, भिंतीकडं गेला.

"ह्या कडव्याला हितं यायची ती. त्या तिसऱ्या पंखवाल्या पोराखाली. म्हणायची, आपा, सूर चढवू नका, माझी काच फुटंल."

सगळे हसले. सलीम शिडीवर चढला आणि पुसू लागला. काच चमकली. अखंड होती. खाली आरडाओरडा झाला, साहेबांनी तिथंच सही केली, हलगी कडाडली.

सलीम अजून पुसतच होता. काचेशेजारी एकाखाली एक तारखा उमटत होत्या. शेवटची, तिला दवाखान्यात नेलं त्या दिवसाची. त्या सकाळी ती पोट धरून उशिरा घरी आली होती. कुठं गेली होतीस, हे त्यानं विचारलं नव्हतं.

संध्याकाळी हॉल भरला. गाणं चौकाबाहेर रस्त्यापर्यंत गेलं.

बाकीची भिंत सलीमनं दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरी केली. तिसऱ्या पोराखालच्या हातभर जागेला चुना लावायचा राहिला आहे.