माझा आवाज शेजारच्या खोलीत

मित्रांनो, मी एक जुना ऑर्गन आहे. तोंडओळख नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. मला पाहिलेले लोक थोडेच आहेत, पण ऐकलेले भरपूर. ते गाणे आठवा, ज्यात गायकाने तोंड उघडण्याआधी एक सूर अगदी कानाशी सुरू होतो आणि हळूहळू दूर जातो, कोणी बोलता बोलता घराबाहेर पडावे तसा. मग बारीकसे ‘टक’ होते आणि गाणे सुरू होते. तो सूर माझा. गंमत अशी, की ज्या सुराने माझे नाव झाले तो मी स्वतः कितीतरी वर्षे ऐकलेलाच नव्हता.

यात कोडे काही नाही. माझा जन्म एका कारखान्यात झाला. सुताराने सागवानी अंग दिले आणि पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या दोन ओळी बसल्या. खाली पायांनी दाबायच्या लाकडी पट्ट्या आल्या. पोटात मात्र भाता नाही, सगळा तारांचा गुंता. माझा आवाज एका लांब तारेतून वेगळ्या लाकडी पेटीत जातो आणि त्या पेटीत एक भोंगा गोल गोल फिरत तो बाहेर फेकतो. थोडक्यात, बोलायचे मी आणि तोंड दुसऱ्याचे. ही पेटी माझी जन्माची जोडीदार. स्वभावाने चांगली, पण तिच्या मोटरची घरघर काही थांबत नाही.

आम्हा दोघांना एका छोट्या स्टुडिओत विकत घेतले गेले. फर्निचरच्या दुकानामागे दोन खोल्या, एक बोळकांडी आणि एक अडगळीची कोठी, एवढाच त्याचा पसारा. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या. तिथला रेकॉर्डिस्ट कानाचा पक्का आणि जिभेचा तिखट होता. पेटीची घरघर ऐकून पहिल्याच दिवशी त्याने तिला कोठीत हाकलले. कोठीत आवाज फार घुमतो म्हणून माइक ठेवला बाहेर बोळकांडीत, कोठीच्या उघड्या दाराकडे तोंड करून. तार भिंतीतल्या भोकातून गेली. मी एका खोलीत, माझा आवाज दुसरीकडे. वाजवणाऱ्यांच्या कानांवर हेडफोन असायचे, त्यांना सगळे ऐकू यायचे. मला ऐकू यायची ती फक्त माझ्याच पट्ट्यांची खडखड.

मला वाजवायची ती ताई. स्टुडिओतले लहानथोर सगळेच तिला ताई म्हणत. बोलणे कमी, ऐकणे जास्त, असा तिचा स्वभाव. इतर वादक मला बडवत. ताई पट्टी दाबायची आणि मग तिचे काय होते ते पाहत बसायची.

त्या गाण्याच्या दिवशी गायकाचा घसा बसत चालला होता. एकदाच गाईन, पुन्हा म्हणायला लावू नका, असे त्याने आल्या आल्या सांगून टाकले. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. कोणी गरम पाणी आणतोय, कोणी पंखा बंद करतोय. इकडे मी डुगडुगत होतो. तिथली फरशी उंचसखल होती आणि ताईने पाय दाबला की मी नव्या नवऱ्यासारखा अवघडून हलायचो. ताई उठली, बाहेर गेली, कुठूनशी लाकडाची एक पाचर घेऊन आली आणि ती माझ्या डाव्या पायाखाली सारली. मी ठाम उभा राहिलो. मला केवढे बरे वाटले म्हणून सांगू!

मग लाल दिवा लागला आणि ताईने सुरुवातीची ती धून वाजवली. मी तिच्या बोटांखाली होतो, म्हणून एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. तालमीत ती शेवटचा सूर लगेच सोडायची. त्या दिवशी मात्र तिने मान किंचित कलती केली आणि तो सूर धरून ठेवला. कोणाची तरी वाट पाहावी तसा धरला. गायक तोंड उघडून तिच्याकडे बघत राहिला. तिने बोट उचलले तेव्हाच तो गायला.

गाणे तुफान गाजले. लग्नघरांत, केशकर्तनालयांत, टॅक्सीत, जिथे तिथे तेच. पुढे वादक लोक स्टुडिओत मला बघायला येऊ लागले. माझ्यावरून हात फिरवायचे, खाली वाकून माझे पाय न्याहाळायचे आणि हमरीतुमरीवर यायचे. एक गिटारवाला म्हणे, आवाज लहान होत नाही, दूर जातो. आवाज कमी करायच्या पायाच्या दट्ट्याने असे होणेच शक्य नाही. दुसऱ्याने पैजेवर सांगितले, की पेटीवर कोणीतरी घोंगडी टाकली असणार. तिसऱ्याच्या मते पेटी हातगाडीवर ठेवून ओढत नेली होती आणि ते ‘टक’ म्हणजे गाडी उंबऱ्यावर आपटल्याचा आवाज. एक म्हातारा सॅक्सोफोनवाला तेवढा वाद घालत नसे. तो म्हणायचा, “कसं केलं ते जाऊ द्या. तो शेवटचा सूर बघा. बाई ऐकत वाजवतेय.”

सगळ्यांनी ताईला विचारले. ती म्हणाली, मी काहीच केले नाही, ती रेकॉर्डिस्टची करामत. रेकॉर्डिस्टला विचारले. तो म्हणाला, मी बटणाला हातही लावला नाही, ती ताईच्या पायाची जादू. दोघेही खरे बोलत होते आणि दोघांनाही वाटत होते, की समोरचा मोठेपणा घेत नाही. लोकांना मात्र वेगळाच वास आला. ताईला घेऊन आम्ही जलशांना गेलो, तेव्हा पेटी माझ्या शेजारीच मांडलेली असायची. धून वाजायची, पण सूर कुठेच जायचा नाही, तिथेच उभा. प्रेक्षक चुळबुळ करायचे. मग कुजबुज सुरू झाली, की रेकॉर्डवर वाजवणारी ही नव्हेच. कव्हरवर वादकांची नावे छापण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे ती कुजबुज खोडून तरी कशी काढणार?

एका जलशानंतर कोणीतरी हे तिच्या तोंडावर विचारले. तिने माझे झाकण लावले आणि ती धून त्यानंतर कधीच वाजवली नाही.

पुढे स्टुडिओने नवी यंत्रे घेतली आणि मी ताईच्या घरी आलो. तिथली फरशी सपाट होती, तरी स्टुडिओत पुढे कोणीतरी खिळ्याने माझ्या पायाला ठोकलेली ती पाचर तशीच राहिली. माझ्या अंगावर आधी चादर आली, मग इस्त्रीचे कपडे, मग औषधांचा डबा, मग एक कुंडी. कुंडीचे पाणी माझ्या सागवानावर झिरपायचे. पेटी पलंगाच्या उशाशी पडून होती. घरात ते गाणे लावायला बंदी होती. रेडिओवर सुरू झाले की ताई पहिल्या सुरालाच कान पिरगळून रेडिओ बंद करायची. तिचे दुःख मला कळत होते. पण खोटे कशाला बोलू, मला उत्सुकताही खाऊन टाकत होती. मी नेमका वाजलो तरी कसा होतो?

एका दुपारी दोन तरुण वादक दारात उभे राहिले. बहीण बेस गिटार वाजवायची आणि धाकटा चष्मेवाला भाऊ कीबोर्ड. त्यांना जुनी गाणी मूळ वादकांकडून पुन्हा वाजवून घ्यायची होती. भावाने संगणकावर तो सूर हुबेहूब बनवला होता म्हणे. “पण मावशी, तो खरोखर दूर गेल्यासारखा वाटत नाही. गेल्याचं सोंग करतो,” तो म्हणाला.

ताईने बराच वेळ कुंडीतली वाळकी पाने खुडली. मग म्हणाली, “त्याच खोलीत वाजवीन. जमलं तर जमलं. नाही जमलं, तर लोक म्हणतात ते खरं समजा आणि याला घेऊन जा. मला घरात नको.”

याला म्हणजे मला. तुम्हीच सांगा, माझे काय झाले असेल?

स्टुडिओ अजून तिथेच होता. रेकॉर्डिस्ट वारला होता, त्याची मुलगी आता काम पाहायची. जीभ वडिलांचीच. पेटी सुरू होताच तिने नाक मुरडले आणि तिला कोठीत हाकलले, माइक बोळकांडीत ठेवला. मला जुन्या जागी मांडायला दोघांनी तिरपे केले, आणि ती मुलगी एकदम खाली बसली.

“हा हिरवा रंग तुमच्याकडे कुठून आला?” तिने विचारले. तिचे बोट माझ्या डाव्या पायाखालच्या पाचरीकडे होते.

कोठीच्या दारालाही तोच पोपटी-हिरवा रंग होता. ते दार तिरके बसले होते, उघडे राहायचे नाही. म्हणून तिच्या वडिलांनी त्याला एक पाचर बनवून तिला दाराचाच उरलेला रंग फासला होता. ती पाचर हरवली म्हणून ते जन्मभर कुरकुरत. तेव्हापासून दाराला रंगाचा डबा लावून ठेवत.

ताई भिंतीला टेकली. “मीच काढली होती,” ती हळूच म्हणाली. “हा डुगडुगत होता.”

कोणी काही बोलायच्या आत बेसवाल्या बहिणीने दाराला लावलेला तो डबा बाजूला केला. दार भिंतीला टेकून क्षणभर थांबले. पेटीची घरघर सुरू होती, तिच्या हादऱ्याने ते सुटले आणि आपल्या चालीने मिटत मिटत गेले. खटका बसला. टक. चष्मेवाला मटकन खुर्चीत बसला आणि हसू लागला.

आता सगळे सोपे झाले असे त्याला वाटले. ताईची परवानगी घेऊन तो आधी स्वतः वाजवायला बसला. दार मिटले, टकही झाले. हेडफोन काढून त्याने मान हलवली. त्याची धून दार लागण्याआधीच संपली होती. दार आपले एकटेच लागले होते. त्याने पुन्हा करून पाहिले, या वेळी शेवटचा सूर लांबवला, तर तो नुसताच लांब झाला. तो उठला आणि ताईला म्हणाला, “मावशी, दार कोणासाठीही लागतं. सुराला दारापर्यंत पोचवायला तुम्हीच गेला होता.”

ताई बसली. तिची बोटे आता थोडी वाकडी झाली आहेत, पण पट्टीवर ठेवायची रीत तीच. धून वाजत गेली. शेवटच्या सुराला तिने मान कलती केली आणि तो धरला. मी तिच्याबरोबर थांबलो. दार मिटले तेव्हा तिने बोट उचलले.

मग त्या मुलीने काचेपलीकडच्या खोलीत ते लावले. दोन्ही खोल्यांमधले दार उघडे ठेवले होते, आणि मित्रांनो, मी ऐकले. आधी मी अगदी जवळ होतो. मग मी जाऊ लागलो. मला वाटले होते की तो सूर एकटा पडत असेल, म्हणून लोक हळवे होतात. तसे नाही. तो जातो, पण कोणीतरी त्याच्याकडे बघत उभे आहे हे त्यात ऐकू येते. मी रडू शकत नाही, नाहीतर रडलो असतो. ताईने मात्र पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “पुन्हा लाव. ही मीच.” रेडिओचा कान पिरगळणारी ताई तो सूर पुन्हा पुन्हा ऐकत राहिली.

मी आता घरी परत आलो आहे. कुंडी खिडकीत गेली, माझे अंग पुसले जाते आणि झाकण रोज उघडते. पाचर त्या मुलीने मागितली नाही, ती माझ्याच पायाखाली आहे.

तुम्हाला एवढेच सांगतो. जुन्या वस्तूंवर ओली कुंडी ठेवू नका, आम्हाला ते सोसत नाही. आणि एखादे माणूस ‘मी काही केले नाही’ म्हणाले, तर त्याला लबाड ठरवण्याआधी ते बसले होते त्या जागी एकदा बसून पाहा, शेजारच्या खोलीतही डोकवा. रेकॉर्डिस्टला हे ऐकायला मिळाले नाही, याचे ताईला अजून वाईट वाटते. संध्याकाळी धून वाजवताना ती शेवटचा सूर थोडा जास्तच धरते, आणि मीही सोडायची घाई करत नाही.