मऊ हातांचा मिस्त्री

शेवटी मिस्त्रींना रंध्यावरून उचलून शिक्के मारायला बसवलं. पण कारखान्याच्या म्हणण्यानुसार असं काही घडलेलंच नाही. तेव्हा आपणही ते वाचलं नाही असं धरू आणि मिस्त्रींच्या पायापासून सुरुवात करू.

मिस्त्री हे खुर्च्यांच्या कारखान्यातले पहिल्या श्रेणीचे सुतार. तिथे श्रेणी खुर्ची बघून देत नाहीत, हात बघून देतात. वर्षातून एकदा साहेब मोजपट्टी घेऊन येतात आणि प्रत्येकाच्या हातावरचा घट्टा मोजतात. दोन मिलिमीटर भरला तर पहिली श्रेणी, आणि रंध्याला हात लावायची मुभा फक्त पहिल्या श्रेणीला. मिस्त्रींचा घट्टा एकोणीस वर्षांत अडीचच्या खाली आला नव्हता. रंधा हातात नसला की त्यांना आपण कोण आहोत हेच नीटसं आठवायचं नाही.

पाय मात्र दगा देत होता. कारखान्याने सगळ्यांना एकाच मापाचे बूट वाटले होते, कारण भेदभाव नको. मिस्त्रींच्या तळव्याला भोवरी झाली, चालताना खडा रुतावा तशी. ती पटाशीने तासायला बसले तेव्हा बायकोने पटाशी काढून घेतली आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

"हे होतं कशानं?" पटाशीचा प्रकार सांगून बायकोने विचारलं.

"घासून आणि दाबून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकाच जागी रोज त्रास दिला की कातडी स्वतःला वाचवायला जाड होते. बूट सैल घ्या. कोमट पाण्यात पाय बुडवायचे, मऊ झालं की वजरीने हलकेच घासायचं, वर मलम. साखरेचा आजार आहे का?"

"नाही."

"मग घरी करा. असता तर घरी हात लावू दिला नसता. आणि पटाशी?"

"ती माझ्याकडे आहे," बायको म्हणाली.

तीन आठवड्यांची रजा मिळाली. पहिल्याच दिवशी बायकोने घमेलंभर पाणी आणून ठेवलं.

"अहो, एवढं तापवलंय, पायांनीच का वापरायचं? हातही घाला."

"हातांना काय झालंय?"

"माझ्या लोकरीच्या शालीला विचारा. मागे हात फिरवलात, अर्धी तुमच्याबरोबर गेली."

मिस्त्री वाकले आणि हातपाय चारही घमेल्यात घालून बसले. या अवस्थेत माणसाला वाद घालता येत नाही. तीन आठवडे घासणं झालं, मलम झालं. पाय बरा झाला. हातही बरे झाले, आणि तपासणीला पाच दिवस उरले होते.

मिस्त्रींना घट्टा परत हवा होता. घरचा रंधा काढून ते घराचं दार तासत सुटले. चौथ्या दिवशी दार इतकं पातळ झालं, की बाहेर शेजारीण मनाशी बोलली तरी आतून बायको उत्तर द्यायची. तळहातावर मात्र घट्ट्याऐवजी टपोरे फोड आले.

"घाईत फोडच येतो," डॉक्टरीणबाई हात बघून म्हणाल्या. "घट्ट्याला महिने लागतात. तो परत आणा म्हणणारे तुम्ही पहिलेच."

तपासणीच्या दिवशी साहेबांनी फोडांवर मोजपट्टी ठेवली आणि लगेच उचलली.

"ओलं काही मोजत नाही आम्ही. काल-परवा कामाला लागलात वाटतं?"

"एकोणीस वर्षं झाली, साहेब. तुम्ही बसलाय ती खुर्ची मीच केलीय."

"शक्य नाही. ही पहिल्या श्रेणीच्या सुताराने केलीय."

शेजारी कारकून नोंदी करत उभा होता. बावीस वर्षं शिक्के मारून त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी ढेकूळ झालं होतं. साहेबांनी ते मोजलं. तीन मिलिमीटर.

"मला खिळासुद्धा ठोकता येत नाही," कारकून घाबरून म्हणाला.

"विनय दाखवू नका. हात सांगतोय."

दुपारपर्यंत रंधा कारकुनाकडे आणि शिक्का मिस्त्रींकडे गेला. वहीत मात्र पहिल्या श्रेणीचा सुतार एक, कारकून एक, असंच होतं, त्यामुळे कारखान्यात काहीच बदललं नव्हतं. संध्याकाळी कारकुनाची पहिली खुर्ची शिक्क्यासाठी मिस्त्रींच्या टेबलावर आली. तिचे तीन पाय खाली होते, चौथा विचारात होता. मिस्त्रींनी शिक्का बाजूला ठेवला. मग कोरा कागद ओढला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं:

"मा. व्यवस्थापक यांस, विनंती अर्ज. अर्जदाराचे हात औषधोपचारामुळे अनवधानाने बरे झाले आहेत. तरी सदर हात मागील वर्षाच्या तारखेपासून खडबडीत समजण्यात यावेत, आणि ते प्रत्यक्षात तसे होईपर्यंत कारखान्यातील सर्व लाकडांना वाट पाहण्याचे लेखी आदेश देण्यात यावेत, ही नम्र विनंती."